खालाच्या वाट्याचा तोटा

त्याला सगळे काटकोन म्हणत. फ्रेमा बनवणारा माणूस, त्यामुळे नाव शोधायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. पण त्या नावात थोडा वैतागही होता. कुणी पोराच्या बक्षिसाचा कागद घेऊन आला, उद्या घरी पाहुणे आहेत, घाई आहे म्हणाला, तरी हा पट्टीचं टोक पुन्हा करवतीखाली घालणार, चारही कोपरे जुळवून उजेडात धरणार, आणि केसभर फट दिसली की ती पट्टी बाजूला टाकून नवी कापायला घेणार. गिऱ्हाईक बाकावर बसून जांभया देत असे. "अहो, छताजवळ टांगायचंय ते, कोपरा कोण बघतंय," असं कुणी म्हटलं की तो मान वर न करता म्हणायचा, "मी बघतोय ना."

असा माणूस सलग दोन वर्षं खोटं बोलला, आणि तेही अशा बाईशी जिने त्याला पायावर उभं केलं. हे का आणि कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण गल्लीत या गोष्टीची तीन रूपं फिरताहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. एकात तो लबाड आहे, दुसऱ्यात तो संत आहे, आणि तिसऱ्यात बाईच हट्टी आहे. लोकांना गोष्ट लवकर संपवायची असते.

ती बाई म्हणजे सुईवाली खाला, सगळ्या वस्तीची मावशी. मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होती. अर्ध्या वस्तीला तिने टोचलेलं होतं, त्यामुळे चांगले मिशीवाले गडीसुद्धा तिला रस्त्यात पाहून नकळत दंड चोळत. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. बहिणीची एक मुलगी, तीही एकटी पडलेली, तिच्यापाशी राहायला आली आणि दोघींचं घर झालं. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत औषधांचा डबा.

निवृत्त झाली तेव्हा फंडाचे पैसे एकरकमी हातात आले. तिने कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, यात माझ्या पगारातून कापलेले किती आणि त्यावर चढलेलं व्याज किती, वेगवेगळं लिहून दे. कारकून म्हणाला, "बाई, सगळं तुमचंच आहे." ती म्हणाली, "जे माझं नाही तेवढं मला दाखव, बाकीचं मी बघते." त्याने वैतागून आकडे काढून दिले. व्याजाच्या पैशातून तिने दवाखान्याच्या मागच्या संडासांना नवी दारं बसवून घेतली. कुणी कौतुक करायला गेलं तर म्हणायची, "सवाब नकोय मला त्याचा, पुण्य नकोय. नुसता हात मोकळा करायचा होता." ती दारं अजून आहेत. कड्या तेवढ्या तुटल्या.

निवृत्तीच्या वेळी मिळालेलं मानपत्र फ्रेम करायला ती ज्या दुकानात गेली तिथे काटकोन पगारावर होता. त्याने एकाच फ्रेमला तीनदा पट्ट्या कापल्या, मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी चौथ्यांदा कापल्या. खाला बाकावर बसून सगळं बघत होती. जाताना तिने विचारलं, "स्वतःचं दुकान का टाकत नाहीस?"

"भांडवल नाही. आणि व्याजाने काढायचं नाही, अब्बांना शब्द दिलाय."

खाला मानपत्र उचलून घरी गेली. आठवड्याने त्याला निरोप आला, मशिदीत मौलवीसाहेबांकडे ये.

मौलवीसाहेब म्हणजे सुकलेल्या अंगाचा, कमी बोलणारा म्हातारा. त्यांनी एका पानावर करार लिहिला. शरियतमध्ये याला मुदारबा म्हणतात. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, आणि खर्च वजा जाता जो नफा राहील त्याचे ठरलेले हिस्से. खालाचे सहा, काटकोनाचे चार. काटकोनाने आपणहून म्हटलं, "दर तीन महिन्यांनी अमुक इतके खालांना देईन, असंच लिहा ना. म्हणजे त्यांना काळजी नको."

मौलवीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आकडा बांधलास की ते व्याज झालं. होईल त्यातला हिस्सा देणं, एवढंच तुझ्या हातात आहे."

"आणि नाहीच झाला तर?"

"तर कुणाला काही नाही. तोटा आला तर पैसा हिचा बुडेल आणि तुझी मेहनत बुडेल. तू हयगय केलीस तर गोष्ट वेगळी, मग भरून द्यावं लागेल. हयगय नसेल तर तुझ्याकडे कुणी काही मागायचं नाही."

खालाने सही केली, तारीख घातली आणि विचारलं, "दुकानात बसायला खुर्ची असेल ना?"

सात वर्षं दुकान छान चाललं. खाला आठवड्यातून एकदा येऊन त्या खुर्चीत बसायची, चहा प्यायची, गिऱ्हाइकांच्या दंडाकडे बघायची. दर तिमाहीला काटकोन पाकीट घेऊन तिच्या घरी जायचा. कधी जाड, कधी पातळ. पातळ पाकिटाची तिला जास्त मजा वाटायची असं दिसे. "या खेपेला का कमी?" म्हणून ती पाय वर घेऊन बसायची, आणि तो सांगायचा: काचेची पेटी उतरवताना हमालाच्या हातून निसटली, किंवा शाळेने ऐंशी प्रमाणपत्रांचं काम देऊन साठच उचलली. एकाने तर वाहन चालवायचा परवाना फ्रेम करून घेतला होता, सहाव्या परीक्षेत पास झाला म्हणून. खाला हसता हसता खोकायची. आयुष्यभर तिला महिन्याच्या पहिल्या तारखेला तोच पगार मिळाला होता. कमीजास्त होणारा पैसा, आणि कमी का, जास्त का याची गोष्ट, हे सगळं तिला म्हातारपणी मिळालेलं सुख होतं.

मग दिवस फिरले. लोकांचे फोटो फोनमध्येच राहू लागले. भिंतीवर काय लावायचं ते तयार प्लॅस्टिकच्या चौकटीत, काचेसकट, त्याच्या नुसत्या पट्टीच्या किमतीत मिळू लागलं. शाळेनेही तेच उचललं. एका तिमाहीचा हिशेब काटकोनाने तीनदा केला आणि तिन्ही वेळा तोटाच निघाला. करारात लिहिलेलंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तो सांगायला म्हणूनच निघाला.

घरी पोचला तर खाला खाटेवर. न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून कालच घरी आणलं होतं, आणि फंडातले उरलेले सगळे पैसे त्यात गेले होते. तोंड उतरलेलं. त्याला पाहताच तिने उशीवर मान जरा वर केली आणि विचारलं, "काय म्हणतंय दुकान?"

काटकोनाच्या तोंडून निघून गेलं, "ठीक आहे, खाला. थोडंसं आलंय. पाकीट घरी राहिलं, उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्याने घरातले पैसे पाकिटात घालून नेऊन दिले.

एकदा, फक्त हे आजारपण सरेपर्यंत, असं त्याने बायकोला सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. पुढच्या तिमाहीलाही तोटा होता आणि खाला अजून खाटेवरच होती. मग तो सुट्टीच्या दिवशी एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायला जाऊ लागला. बायकोची शिलाई मशीन ओळखीच्या माणसाकडे बिनव्याजी गहाण गेली. पाकीट मात्र वेळेवर गेलं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे: आकडा दरवेळी तोच असला तर खालाला शंका येईल म्हणून तो आकडा कमीजास्त करायचा. एकदा भरपूर, एकदा कमी. कमी असला की कमी का, याची गोष्ट रचून न्यायचा. न आलेली गिऱ्हाइकं, न फुटलेल्या काचा. केसभर फट सहन न होणारा माणूस घरी बसून उद्याच्या थापेचे कोपरे जुळवत असे.

"खरं सांगून टाका," बायको म्हणाली. "त्या बाईला खरं पचतं."

"तिची औषधं यावर चालतात."

"मग औषधं म्हणून द्या. उघड द्या."

"उघड दिले तर ती घेईल?"

ती घेणार नाही हे बायकोलाही माहीत होतं. तिथेच तो फसला. त्याला वाटलं, आपण फक्त तिच्या वाट्याचा त्रास आपल्याकडे वळवून घेतोय. कुणाचं काय बिघडतंय?

काय बिघडतंय ते त्याला भाचीकडून कळलं, आणि तेही बोलण्याच्या ओघात. आठवं पाकीट घेऊन तो गेला तेव्हा खाला झोपली होती. पावलांवर सूज होती, पांघरुणाबाहेर आलेली पावलं ओळखू येत नव्हती. भाचीने दारातच हळू आवाजात म्हटलं, "तूच समजावून बघ तिला. माझं ऐकत नाही. हृदयाच्या गोळ्या एक दिवसाआड घेते. डॉक्टर ओरडून गेले."

"का?"

"पुढच्या महिन्यात जकात काढायचीय ना, गोरगरिबांचा वाटा. गेल्या वर्षीही असंच केलं तिने. दुकानातल्या मालाचा आणि रोकडीचा चाळिसावा भाग. तूच आकडा सांगतोस ना दरवर्षी? एवढं धन आहे तर एवढं द्यायलाच हवं म्हणते. आणायचं कुठून? मग गोळ्यांतून वाचवते, दुधातून वाचवते."

काटकोन दाराची चौकट धरून उभा राहिला. आकडा तोच सांगत होता, हे खरं होतं. दरवर्षी खाला विचारायची, हत्यारं सोडून विकायचा माल किती आणि गल्ल्यात किती, आणि तोटा सुरू झाल्यापासून तो चांगल्या दिवसांतलाच आकडा जरा इकडेतिकडे करून सांगत होता. जकात नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. तो स्वतः लहानपणापासून ती बघत आला होता. फक्त आपल्या तोंडचा आकडा पुढे चालत जाऊन त्या म्हातारीच्या औषधांच्या डब्यात हात घालेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. पाकीट भाचीच्या हातात देऊन तो तडक मशिदीत गेला.

मौलवीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.  शेवटी काटकोनाने विचारलं, "मी तिला व्याज खाऊ घातलं का?"

"नाही. तसं ठरलं नव्हतं, तू आपल्या मनाने दिलंस. ते व्याज नव्हे." त्यांनी थोडा वेळ माळेचे मणी सरकवले. "पण ती जकात देणारी उरली नव्हती, बेटा. ती घेणारी झाली होती. मशिदीच्या यादीत तिचं नाव असायला हवं होतं. ते तू येऊ दिलं नाहीस."

"आता काय करू?"

"मला कशाला विचारतोस? पैसा तिचा आहे. जा आणि तिला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. खाला उशीला टेकून बसली होती, भाची केस विंचरत होती. तो खुर्चीवर बसला नाही, जमिनीवरच बसला, आणि पहिल्या तोट्यापासून गहाण पडलेल्या मशीनपर्यंत सांगत गेला. रचलेल्या गोष्टीही सांगितल्या, एकेक, ही खोटी, तीही खोटी. भाचीचा कंगवा केसांतच थांबला.

खालाने एवढंच विचारलं, "गेल्या जकातीच्या वेळी माल खरा किती होता?"

त्याने सांगितलं. तो आकडा फार लहान होता.

तिने खिडकीतल्या औषधांच्या डब्याकडे बघितलं. मग किंचित हसली. "पलीकडच्या गल्लीत ती धुणंवाली आहे ना, तिला पाठवली मी जकात. तिच्याहून मी गरीब होते. आणि मला तिची कीव यायची."

"खाला, माफ करा मला."

"थांब जरा." तिचा आवाज चढला नाही. दवाखान्यात रडणाऱ्या नातेवाइकांशी ज्या आवाजात बोलायची, तोच. "तोटा माझा होता. कागदावर लिहिलेलं होतं, मी सही केली होती. तो तू माझ्याकडे आणून द्यायचा होतास. मला कळलं असतं तर मी दुकान तेव्हाच बंद करायला लावलं असतं, हाताशी काहीतरी उरलं असतं. गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या. मौलवीसाहेबांकडे जाऊन म्हटलं असतं, माझं नाव घाला यादीत. लाज वाटली असती. वाटू दे. ती माझी लाज होती."

काटकोन खाली मान घालून रडत होता. चाळिशी उलटलेला माणूस, नाक पुसायला हातात काही नाही. भाचीने त्याला टॉवेल दिला.

"तुझ्या जीवाला काय त्रास झाला असेल ते मला कळतं," खाला म्हणाली. "पण त्या पातळ पाकिटांच्या गोष्टी तरी खऱ्या ठेवायच्यास."

दुकान मोडायचं तिनेच ठरवलं. जोड-करवत, काच कापायची हिरकणी, लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे, काचा, पुठ्ठे, खुर्चीसुद्धा. बारा दिवसांत सगळं गेलं. हिरकणी विकताना त्याने ती तीनदा पुसली असं घेणारा सांगतो. तोवर खालाची तब्येत आणखी उतरली होती. डॉक्टर येऊन गेले, भाचीला बाहेर नेऊन बोलले. गोळ्या चुकल्या नसत्या तर काही फरक पडला असता का, हे तिने विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. काटकोनाला आजही तेवढंच माहीत आहे, सांगता येत नाही.

हिशेबाला मौलवीसाहेब तिच्या घरीच आले. आलेले पैसे खाटेवर ठेवले. मूळ भांडवलाच्या पाव भागाएवढेही नव्हते. मौलवीसाहेब म्हणाले, "भांडवलच भरून आलं नाही, तेव्हा नफ्याची गोष्ट नाही. हे सगळे हिचे. याची मेहनत गेली."

"आणि याने स्वतःच्या खिशातून मला दिले ते?" खालाने विचारलं.

"ते भेट समजा, खाला," काटकोन घाईने म्हणाला.

"भेट सांगून देतात. तू नफा म्हणून दिलेस, मी नफा म्हणून घेतले. नफा नव्हता, म्हणजे ते माझे नव्हते. किती होते? तू लिहून ठेवलं असशीलच."

त्याने लिहून ठेवलं होतं. फ्रेमच्या मागे लावायच्या पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर, आठ आकडे एकाखाली एक, सरळ रेषेत. तिने तो डोळ्यांजवळ धरून वाचला.

मौलवीसाहेब म्हणाले, "हे बघ बहन, आता तो तोंडाने भेट म्हणतोय. तू हो म्हटलंस की विषय संपला. त्यात काही गैर नाही."

"माहीत आहे. पण मी नाही म्हणते. दोन वर्षं माझ्या वतीने यानेच ठरवलं, आज मला ठरवू दे. अंगावर कर्ज ठेवून मला जायचं नाही."

"मग कफन-दफनाचे आधी बाजूला काढ. ते कर्जाच्याही आधी येतात."

तेवढे तिने मोजून भाचीच्या ओच्यात टाकले. कुठल्याही शंकेशिवाय आपले म्हणता येतील असे तेवढेच पैसे तिच्यापाशी राहिले होते. उरलेल्या नोटा तिने दोन्ही हातांत धरल्या आणि काटकोनापुढे केल्या. तो हात पुढे करेना. मौलवीसाहेबांकडे बघितलं, त्यांनी मान फिरवली. भाचीकडे बघितलं, ती रडत होती. धरून धरून खालाचे हात खाली येऊ लागले, तेव्हा कुठे त्याने ते पैसे घेतले. "मोज," ती म्हणाली. त्याने मोजले. पुठ्ठ्यावरच्या बेरजेच्या निम्मेसुद्धा भरले नाहीत.

खाला उशीवर मागे टेकली. श्वास लागला होता. भाचीने तिच्या पाठीमागे आणखी एक उशी दिली.

मग ती म्हणाली, "बाकीचे फेडायला माझ्याकडे काही नाही, आणि वेळही नाही. माफ करशील का मला?"

 ज्या एका शब्दासाठी काटकोन बारा दिवस तिच्या दारात येत होता, तो तीच त्याच्याकडे मागत होती. त्याने मान हलवली, एकदा, दोनदा.

"तोंडाने म्हणावं लागतं, बेटा," मौलवीसाहेब हळूच म्हणाले.

"माफ केलं," तो म्हणाला.

खालाला हल्ली कानाने कमी ऐकू येत होतं. तिने हात कानामागे नेला. "ऐकू नाही आलं मला. जरा मोठ्याने म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तिने डोळे मिटून घेतले आणि भाचीला पाणी मागितलं. काटकोन नोटा मुठीत धरून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने, डोळे न उघडता ती म्हणाली, "आता घरी जा. आधी बायकोची मशीन सोडवून आण."